केरबानं आईची हाडं तपासली

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. मला विचाराल तर तो अव्वल गाढव होता.

त्याची आई तान्हूबाई. पाण्याचा हंडा उचलताना तिच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला. दवाखान्यात फोटो काढला, तर मणका मोडलेला.

"हाडं ठिसूळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "दर सोमवारी ही गोळी. उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आईला आडवं होऊ द्यायचं नाही."

सोमवारी केरबानं आईला गोळी दिली आणि म्हशीच्या दाव्यानं खांबाला करकचून बांधलं. म्हातारी ओरडली, पण आडवी काही झाली नाही.

"अरे, माणसाला बांधतात का?" हे कानावर येताच डॉक्टर कडाडले.

"चुकलं. आता न्हाई बांधणार."

डॉक्टरांनी पाठीच्या आधाराला पट्टा दिला. केरबानं तो घरी नेऊन खुंटीवर टांगला. बांधायचं नाही म्हणजे नाही! तान्हूबाई तशीच धुणं घेऊन वाकली आणि दुसरा मणका गेला.

"पट्टा कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"खुंटीला."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आणि धुणं तिला करू दिलंस? यापुढं आईचं सगळं तू करायचं."

"सगळं?"

"सगळं!"

केरबा कामाला लागला. धुणं धुतलं, भांडी घासली. इथवर बरं चाललं होतं. मग सोमवार आला. आईची गोळी त्यानंच गिळली आणि अर्धा तास ताठ बसून राहिला. आईचा पट्टा त्यानं बांधला, आईचं दूध तो प्यायला, आईच्या वाटचं कोवळं ऊनही त्यानंच खाल्लं. आई आत कण्हत पडलेली.

"केरबा, गोळी मला दे की रं!"

"तू गप पडून ऱ्हा, आये. मी हाय न्हवं?"

असे चार महिने गेले. डॉक्टरांचा निरोप आला. तालुक्याला हाडं तपासायचं मशीन आलंय, आईची तपासणी करून घे. हाडं फारच कमजोर निघाली तर इंजेक्शनं सुरू करू. उशीर केलास तर तिसरा मणका जाईल आणि ती कायमची अंथरुणाला खिळेल.

आईचं काम म्हणून केरबा एकटाच गेला. मशीनवर आडवा झाला. नाव सांगितलं तान्हूबाई. मशीनवाल्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तोही काही कमी शहाणा नव्हता.

रिपोर्ट उत्तम आला. परतताना केरबा दवाखान्यात डोकावला आणि दारातूनच ओरडला, "इंजेक्शनं ऱ्हाऊ द्या! आये बरी झाली!"

घरी येऊन त्यानं कागद आईच्या नाकापुढं नाचवला. "आये, एकदम मजबूत हाडं हायत तुझी!"

"मेल्या, मला कूस बदलता येईना!"

केरबानं धावत जाऊन दार लावलं.

"हळू बोल की, आये! डाक्टरानं ऐकलं तर एवढा चांगला रिपोर्ट काढून घेईल."