घोरपडीची जीभ आणि गव्याची शिंगं

नदीच्या अल्याड एका जंगलात एक घोरपड राहायची. अंगानं खडबडीत, चालीनं सुस्त, पण जीभ अशी की विचारू नका! लपकन बाहेर काढायची, मातीला लावायची आणि सांगायची, इथून काल कोण गेलं, कुठलं पाणी गोड, कुठलं मचूळ. लाडवाचा डबा कुणी गुपचूप उघडला, हेही तिनं सांगितलं असतं. हसताय काय? ती तुमच्या घरी नव्हती म्हणून वाचलात.

त्या जंगलाचा राजा होता एक दांडगा गवा. पल्याडच्या काठावर राज्य अस्वलिणीचं. मधे डोह, दोघांच्या पिण्याचा. डोहावर वाकलेलं, बारक्या फळांनी लगडलेलं एक गेळाचं झाड होतं, अल्याडच्या काठावर. रोज सकाळी गवा तिथं यायचा आणि झाडाला शिंगं घासायचा, अशी की सगळं झाड गदगदा हलावं. पल्याडच्यांनी बघावं, घाबरावं, एवढंच त्यातलं काम. त्याचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा.

एका उन्हाळ्यात डोहाचं पाणी कधी नव्हे इतकं आटलं आणि वासरं आजारी पडायला लागली. पाय लटपटायचे, तोंडाला फेस यायचा. पाच दिवसांत नऊ वासरं आडवी झाली आणि नववं होतं खुद्द राजाचं. गवा नुसता फुरफुरत होता. कोल्हा पुढं होऊन म्हणाला, "महाराज, यात विचार कसला करायचा? अस्वलांनी पाण्यात काहीतरी कालवलंय. परवा उतारावरनं नदीत घुसू आणि एकेकाला लोळवू!"

गव्यानं घोरपडीला बोलावलं. "पाणी अस्वलांनी नासवलं का? होय की नाही, तेवढंच सांग."

घोरपड म्हणाली, "अजून माहीत नाही, महाराज. पाणी कडू लागतंय खरं. कशानं, ते शोधायला दोन दिवस द्या."

सगळे फिदीफिदी हसले. कोल्हा म्हणाला, "एवढी मोठी जीभ आणि उत्तर काय, तर माहीत नाही!"

घोरपडीला राग आला, पण रागावून काय उपयोग? तिनं आजारी वासरांच्या आयांना गाठलं. कुठं पाणी पाजलं, कधी पाजलं, एकेकीला विचारत बसली. मग तिच्या ध्यानात आलं की निम्मी गोष्ट पल्याड आहे. पल्याड जायला तर बंदी! ती सरळ पोहत नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसली. तिथं पल्याडचं पाणमांजर रोज यायचं, अस्वलिणीसाठी मासे किती, पाणी किती ते बघायला.

"काय घोरपडबाई, हेरगिरी का?"

"तुझ्यावर कोण करतंय हेरगिरी, मिशाळ्या! तुमच्याकडं पिल्लं आजारी आहेत का, तेवढं सांग."

पाणमांजराची चेष्टा बंद झाली. "सात आहेत. आमचे म्हणतात, गव्यांनी विष टाकलंय."

"आमचे म्हणतात, अस्वलांनी. तुमची पाणी कधी पितात?"

"आजारी पडलेली? सगळी सकाळी, याच डोहात. वरच्या झऱ्यावर पिणारी टुणटुणीत आहेत."

"आमचीही सकाळचीच. मग सकाळी इथं होतं काय?"

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच दोघं खडकावर येऊन बसली. जरा वेळानं गवा आला. शिंगं घासली. झाड हललं आणि टप, टप, टप... गेळाची फळं पाण्यात पडली. घोरपडीनं एक फळ तोंडात धरून खडकावर ओढलं.

पाणमांजर म्हणालं, "राजा तुझा आहे. तूच सांग."

"आणि तू?"

"मी परका. मी सांगितलं तर आजच लढाई जुंपेल."

पण नुसतं बघून घोरपडीचं समाधान होईना. खडकात पाण्याच्या दोन खळग्या होत्या. दोन्हींत चार-चार बारके मासे सोडले. एकीत गेळफळं ठेचून टाकली, दुसरीत काहीच नाही. दुपारपर्यंत पहिलीतले मासे पोट वर करून तरंगायला लागले. दुसरीतले मजेत फिरत होते. घोरपडीनं पहिलीत जीभ लावली. डोहासारखीच कडू.

ती परतली तेव्हा कोल्हा वाटच बघत होता. "महाराज, ही शत्रूच्या पाणमांजराशी गप्पा छाटत बसली होती!"

"छाटत होते," घोरपड म्हणाली. "अर्धी माहिती त्याच्याकडं होती, ती काय झाडाला विचारू?" आणि तिनं सगळं सांगितलं. राजाच्या शिंगांचंही सांगितलं.

गव्यानं पाय आपटला. तिच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर! "म्हणजे माझ्या पोराला मीच मारतोय? होय की नाही?"

"बहुतेक होय, महाराज. पुरतं होय मला म्हणता येत नाही. पण असं बघा, माझं चुकलं तर तुमची चार दिवसांची ऐट जाईल. तुमचं चुकलं तर उद्या उतारावर दोन्हीकडचे पडतील, आणि वासरं तरी कुठं उठणार आहेत? फळं बाहेर काढायला हवीत, आणि तोवर वरच्या झऱ्याचं पाणी पाजायला हवं. तो झरा मात्र अस्वलिणीचा. मी बघितलं ते सांगितलं. करायचं काय, ते तुमच्या हाती."

गवा दुपारभर आजारी वासराशेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "जा, विचार अस्वलिणीला."

पल्याडहून पाणमांजर निरोप घेऊन आलं. अस्वलीण म्हणत होती, "या, पाणी प्या. फळं आपण मिळून काढू. शिंगं तेवढी घरी ठेवून या." शिंगं घरी कशी ठेवणार? पण गवा मान खाली घालून झऱ्यावर गेला, वासराला ढोसत ढोसत. आठवडाभर झाडाकडं फिरकला नाही.

आठ वासरं उठली. पल्याडची सातही उठली. एक मात्र उठलं नाही, म्हाताऱ्या गवीचं शेवटचं वासरू. गव्यानं विचारलं, "हे का गेलं?"

"माहीत नाही, महाराज," घोरपड म्हणाली.

कोल्हा हसायला लागला. गव्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं त्याचं हसू विरलं. मग गवा घोरपडीजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "शोधायला किती दिवस लागतील? पाणमांजरालाही बोलावून घे."

तात्पर्य : तपासून बोलणाऱ्याचं 'बहुतेक' हे न तपासता बोलणाऱ्याच्या 'नक्की'पेक्षा मोलाचं असतं, राज्य करणाऱ्यानं ते ऐकावं, आणि अर्धी माहिती पलीकडच्या काठावर असेल तर तिथंही विचारायला माणूस धाडावा.