त्याचा नमस्कार

"…म्हणजे वार डावीकडून येईल की उजवीकडून, एवढंच सांगा, वस्ताद."

येसबा वस्ताद दांडपट्ट्याच्या लांब पात्याला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अच्युतराव गुप्ते उभेच राहिले. ताटकळण्याची त्यांना सवय नव्हती. इतिहासात थोडं अद्भुत मिसळून ते जाडजूड कादंबऱ्या लिहीत, आणि त्यांतली सैन्यं चालली नसतील तितके ते स्वतः चालले होते. केरळातल्या आखाड्यात त्यांनी गुडघा दुखावून घेतला होता, जपानात लाकडी तलवार फिरवून खांदा. दोन्ही दुखण्यांची हकिकत ते प्रस्तावनेत आवर्जून देत.

नवी कादंबरी मात्र अडली होती.

शेवटच्या प्रकरणात नायक परतताना एका खिंडीत शिरतो… आणि बाहेर येत नाही. वर्षभर अच्युतरावांनी त्याला नाना तऱ्हांनी बाहेर काढून पाहिलं. घोडा दिला, धुकं दिलं, एकदा तर पंखही दिले. तो खिंडीच्या मध्यावर येऊन थांबे. दुसरं काही लिहायला घेतलं तरी हात तिथंच जाऊन अडे. साठीला आलेल्या या माणसाला दुसरा धंदा येत नव्हता.

म्हणून ते इथं आले होते. खिंड खरी होती. कादंबरीत नाव तेवढं बदललेलं. तिच्या तोंडाशी भैरोबाचं देऊळ, देवळामागं वस्तादांची तालीम. वस्तादांनी एक अस्सल वार शिकवावा, बाकीचं आपण बघून घेऊ, असं अच्युतरावांचं म्हणणं होतं.

वस्तादांनी तेलाचं फडकं बाजूला ठेवलं.

"तुमच्या खिंडीत आधी कोण मेलंय का?"

अच्युतरावांना जरा आठवावं लागलं. हो, पहिल्याच प्रकरणात. नायक जाताना एक पहारेकरी आडवा येतो. अर्ध्या वाक्यात संपतो.

"नाव काय त्याचं?"

अच्युतराव हसले. पहारेकऱ्यांची बारशी करत बसलो असतो तर लढाया कधी उरकल्या असत्या, असं म्हणाले. हे वाक्य त्यांनी भाषणांतही वापरलं होतं. तिथं लोक हसत.

वस्ताद हसले नाहीत…

दिवस कलला होता. वस्ताद त्यांना खिंडीच्या मध्यावर घेऊन गेले, जमिनीवर राखेचं रिंगण घातलं आणि पट्टा त्यांच्या पुढ्यात ठेवला. तालमीचा रिवाज असा, की दोघांनी आधी मातीला हात लावून कपाळाला लावायचा, समोरच्याला नमस्कार करायचा, आणि मगच शस्त्र उचलायचं.

रिंगणात समोर कोणीच नव्हतं. परक्या मुलुखातल्या देवाला करावा तसा, अच्युतरावांनी आपला एक नमस्कार केला. पट्ट्यात हात घातला.

"थांबा, पाव्हणं."

"का?"

"त्याचा व्हायचाय अजून."

वस्ताद समोरच्या मोकळ्या जागेकडं बघत होते. वाकायला वेळ लागणाऱ्या माणसासाठी थांबावं, तसे थांबले होते…

मग त्यांनी मान हलवली. "हं. करा वार."

अच्युतरावांनी हात उचलला. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत चढते. मनगट वळत नाही, वार खांद्यातून काढावा लागतो. खांदा दुखत नव्हता. पण हात उठेना. पात्याच्या टोकावर कुणी तळहात ठेवावा, तसं पातं हळूहळू खाली दबत गेलं.

समोरच्या कडेला, राखेत, पाच बोटं उमटली होती.

अच्युतरावांनी विनोद शोधला.

"कोण… कोण आहे?"

"मला काय ठावं? तुमच्या मागनंच आला. देवळात मी दोघांस्नी पाणी दिलं. तुम्ही आपलं तेवढं पिऊन मोकळं झालात."

"नाव विचारा त्याला."

"इचारलं की. कुणी दिलंच न्हाई म्हणतो."

वारा पडला होता. खिंडीत पानसुद्धा हलत नव्हतं. अच्युतरावांनी पट्ट्यातून हात सोडवून घेतला. तो कोपरापर्यंत गारठला होता. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, की मी याला इथंच ठेवून गेलो तर चालेल का?

वस्तादांनी खिंडीच्या दोन्ही कडांवरून सावकाश नजर फिरवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळखीचे चेहरे बघावेत तशी.

"हितं जागा न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हातनं गेलेलंच मावत न्हाईत."

"मग मी… मी काय करू?"

वस्तादांनी पट्टा उचलून काखेत धरला. पायानं राखेचं रिंगण एका बाजूला मोडलं, वाट करून दिल्यासारखं.

"उतरताना त्याला पुढं चालू द्या."