टाक्याचं पाणी

"...आणि मी वाटेतच बसलो तर?"

केदारबुवा मठाच्या पायरीवर बसून वहाणेचा अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तर बसशील," ते म्हणाले.

डॉक्टर त्र्यंबक उपासनींना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन ते डोंगराच्या पायथ्याच्या या गावात राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिघं जण खोकल्याचं औषध मागायला येऊन गेले. औषध न देणारा डॉक्टर म्हणून गावाला ते आवडले. बुवांचे शिष्य मात्र ते कधी झाले, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं.

"प्रश्न माझ्या बसण्याचा नाही, बुवा. मागच्यांचा आहे."

मागचे म्हणजे बुवांबरोबर रोज सकाळी डोंगर चढणारी माणसं. त्यांच्यात वाढदिवसाची एक रीत होती. ज्याचा वाढदिवस असेल त्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी मागून. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. बरोबर पाणी न्यायचं नाही, एक रिकामा तांब्या तेवढा घ्यायचा. माथ्यावर कातळात खोदलेलं टाकं आहे. त्यातलं पाणी पहिल्यांदा त्यानं प्यायचं, मग इतरांनी. झाला वाढदिवस.

आज उपासनींना पंच्याहत्तर वर्षं पुरी होत होती. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डोंगर चढायला परवानगी होती, पण अगदी हळू.

"पूर्वी मला अठ्ठावीस मिनिटं लागायची. आता दोन तास लागतील. कदाचित जास्तच... चैत्राचं ऊन आहे. माणसं माझ्यापायी तहानलेली राहतील. त्यापेक्षा रशीदमामांना पुढं घालू. मी शेवटी येतो, जमेल तसा."

"रशीदचा वाढदिवस आहे का आज?"

"नाही."

बुवांनी दोरा दातानं तोडला.

"मग खरं काय ते सांग." बुवा सगळ्यांनाच अरेतुरे करत. गावच्या सरपंचालाही.

उपासनींनी चष्मा काढून पुसला. परत घातला.

"हौसाबाई," ते म्हणाले.

हौसाबाईंची पिठाची गिरणी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना सत्तरावं लागलं, तेव्हा त्या पुढं होत्या. दर झुडपापाशी थांबत, दर दगडाची चौकशी केल्यासारख्या चालत होत्या. उपासनींना त्याच आठवड्यात मुलानं नवं घड्याळ पाठवलं होतं, पावलं मोजणारं. तिसऱ्या वळणावर त्यांना राहवेना. ते सरळ हौसाबाईंच्या बाजूनं पुढं निघून गेले. वर पोचले. तहान लागली होती, ओंजळीनं पाणी प्याले.

"कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, बुवा. तासाभरानं त्या वर आल्या. घाम पुसला आणि विचारलं, 'डॉक्टर, पाणी गार आहे का?'"

"मग?"

"मी... घड्याळात पाहिलं. म्हटलं, अठ्ठावीस मिनिटं."

बुवांचे खांदे हलले. हसू होतं की खोकला, ते कळलं नाही.

"त्या वाक्याचे तीन अर्थ निघतात. एक, त्यांनी टोमणा मारला. दोन, त्यांनी मला माफ केलं. तीन, माफ केल्यासारखं दाखवून टोमणा मारला. दोन वर्षं झाली, माझं काही ठरत नाही. आणि आज त्या माझ्या मागं चालणार..."

बुवांनी वहाण पायात घातली. अंगठा हलवून पाहिला.

"ऊन चढतंय," ते म्हणाले आणि उठले.

उपासनी पुढं झाले.

दहा पावलं चालत, थांबत. पुन्हा दहा. ते थांबले की मागच्या वहाणांचा आवाजही थांबे. तेवढ्यानंच त्यांना कानकोंडं होई. त्या शांततेत प्रत्येकाचं मन आपल्याला स्पष्ट ऐकू येतंय, असं त्यांना वाटे.

तिसऱ्या वळणावर त्यांनी धीर करून मागं पाहिलं. रशीदमामा घाटात ब्रेक निकामी झाल्याची गोष्ट रंगवून सांगत होते. दोघं जण दगडावर टेकले होते. हौसाबाई तांब्या खाली ठेवून पायातला काटा काढत होत्या. उपासनींकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. याचंही त्यांना जरा वाईट वाटलं.

"सावकाश चला डॉक्टर," रशीदमामा म्हणाले. "पस्तीस वर्षं एसटी चालवली. वेळेवर पोचायची आपल्याला सवयच नाही."

दोन तास होऊन गेले. ऊन पाठीवर आलं. टाकं समोर दिसू लागलं, वीस पावलांवर, आणि उपासनींचे पाय संपले.

ते वाटेतल्या कातळावर बसले. छातीचा भाता थांबेना. जीभ टाळूला चिकटली होती.

"तुम्ही... व्हा पुढं," ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

"अहो, व्हा पुढं. पाणी प्या. मी सांगतोय ना."

रशीदमामा आपल्या वहाणांकडं पाहत राहिले. इतरही.

तेव्हा उपासनींच्या लक्षात आलं, की इथं सगळ्यात जास्त तहान त्यांनाच लागली आहे. पाणी त्यांच्या पुढं होतं. माणसं त्यांच्या मागं होती. आणि मधे ते स्वतः बसले होते.

केदारबुवांनी टाक्याकडं पाहिलं. उपासनींकडं पाहिलं. मग ते सावकाश वळले आणि डोंगराकडं पाठ करून खाली दरीत बघत उभे राहिले.

"नदी किती आटली यंदा," ते म्हणाले.

रशीदमामाही वळले. "आटली खरी." मग एकेक करत सगळेच वळले. आटलेली नदी बघू लागले.

वळल्या नाहीत त्या फक्त हौसाबाई. त्यांनी पदर खोचला, तांब्या उचलला.

"पाय घ्या आत, डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि त्यांना ओलांडून वर गेल्या.

परत आल्या त्या तांब्या सांडू नये म्हणून जपत, एकेक पाऊल टाकत.

"घोट घोट घ्या. घाई नको."

उपासनी प्याले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. त्यांनी वर पाहिलं. हौसाबाईंचे ओठ कोरडेठाक होते, उलले होते. त्या वर जाऊन आल्या होत्या, पण थेंबही प्याल्या नव्हत्या. रिकाम्या हातानं त्या समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

पण पाणी पोटात गेलं तशी उपासनींची बुद्धी जागी झाली.

"बुवा," ते म्हणाले, "रीत मोडली. कुणी पाहिलं नाही म्हणून मोडली नाही, असं म्हणता येणार नाही. पण पहिलं पाणी मीच प्यालो, म्हणजे अर्धी पाळलीही गेली. आता त्या दिवशी मी पुढं गेलो आणि आज या गेल्या, या दोन्हींत नेमका भेद कोणता? शिवाय मी टाक्यापर्यंत पोचलोच नाही. मग हा वाढदिवस झाला असं म्हणायचं, की..."

बुवा आता कुठं वळले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच शिष्याला नावानं हाक मारली.

"त्र्यंबका, बाई दोन वर्षं उभी आहे. पाणी गार आहे का, तेवढं सांग तिला."