वेणाईची गूळतुला

ती होती माघ शुद्ध सप्तमी. थंडी कडाक्याची, आभाळ निरभ्र. आणि एक होता राजा. फार मोठा नव्हता बरं का. त्याचं राज्य म्हणजे एक डोंगर आणि पायथ्याचं एक गाव. त्याची एकुलती लेक वेणाई.

दर वर्षी त्या दिवशी वेणाईची गूळतुला व्हायची. एका पारड्यात ती, दुसऱ्यात गूळ. मग तो गूळ गावभर वाटायचे. लोकांना वाटलं, पोर जड तर आपला वाटा मोठा. मग जो तो तिला लाडू भरवायचा. साऱ्या गावाची आत्या होती कोंडाई, ती तर पदराच्या गाठीत लाडू बांधूनच यायची. आणि वाट्याचा गूळ खाऊन खाऊन गावही सुस्तावलं.

त्या सप्तमीला वेणाई पारड्यात बसली आणि तराजूची दांडी कडकन मोडली. त्याच क्षणी डोंगरावरचा झरा थांबला. वरच्या दगडी गोमुखातून आवाज आला, "जिच्या वजनाचा गूळ खाल्लात, तिला तिच्या पायांनी माझ्यापर्यंत आणा. टाकं आटायच्या आत. उचलायचं नाही, ओढायचं नाही."

डोंगराला पायऱ्या तीनशे. गावाच्या टाक्याला बारा. टाक्यात त्या झऱ्याचंच पाणी यायचं, दुसरं पाणी गावात नव्हतं. दर आठवड्याला टाक्याची एक पायरी उघडी पडू लागली.

मग वेणाई निघाली. चाळीस पायऱ्यांवर धाप लागली, खाली आली. मग पुन्हा निघाली. नव्वदाव्या पायरीवर तिनं मागे वळून पाहिलं. सगळं गाव सावलीत बसून म्हणत होतं, चढ गं, चढ. तोंडात गुळाचे खडे. वेणाई तिथूनच म्हणाली, "गूळ सगळ्यांनी खाल्लात. मग मी एकटी का चढू?"

टाक्याच्या पाच पायऱ्या उघड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गावानं गूळ माळ्यावर टाकला. घरोघरी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. पहाटे राजासकट सगळे वेणाईबरोबर चढू लागले. राजा विसाव्या पायरीवरच बसला. कोंडाई म्हणाली, "उठा महाराज, मुकुट मी धरते." मग रोज चार पायऱ्या जास्त. आणि खाली टाकं उतरतच होतं. दहा. अकरा.

बारावी पायरी उघडी पडली, त्या दिवशी टाक्यात वीतभर पाणी. वेणाई निघाली, मागे गाव. शंभर झाल्या. दोनशे झाल्या. दोनशे नव्वदाव्या पायरीवर तिचे पाय भरून आले आणि ती बसली. हात लावायची सोय नाही. कोंडाईचा हात सवयीनं पदराकडे गेला. गाठीत एक लाडू राहिला होता, बरं का. वेणाईनं तळहात पुढे केला.

कोंडाईनं लाडू काढला आणि लांब फेकला. झाडावरच्या एका माकडानं तो वरच्या वर झेलला. मग ती वेणाईशेजारी बसली. म्हणाली, "माझेही पाय भरून आलेत गं. तू उठलीस की मी उठते."

वेणाई उठली. कोंडाई उठली. मग दहा पायऱ्या.

झरा सुटला.

आता डोळे मिटा, शेवट सांगते. संध्याकाळपर्यंत टाक्याच्या बाराही पायऱ्या पाण्याखाली गेल्या. सगळे सुखानं राहिले. पुढच्या सप्तमीला गूळतुला झाली. दांडी मोडली नाही. घरटी लिंबाएवढा गूळ आला, आणि तो सगळ्यांनी तीनशे पायऱ्या चढून, वर बसून खाल्ला.