पारवीचा पाय

तुमच्या आजोबांचे आजोबासुद्धा पाळण्यात नव्हते, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. पोरांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण गोष्टीतली चूक मोठ्या माणसाची आहे.

एका डोंगराळ राज्यात एक जासूद होता. राजाचे निरोप या गडावरून त्या गडावर पोचवायचे, हे त्याचं काम. त्याची घोडी पारव्याच्या रंगाची, म्हणून तिचं नाव पारवी. जासुदाला ना बायको, ना पोर. सगळं गणगोत काय ते पारवी. तिला हरभरे तो आपल्या ओंजळीतून भरवायचा. आणि तीही अशी गुणाची, की धन्याची नुसती चाहूल लागली तरी कान टवकारून निघायला तयार.

एके दिवशी घाट उतरताना तिचा पाय दगडांत अडकला आणि पुढच्या पायाची नळी मोडली. बरोबरचे स्वार म्हणाले, "पाय मोडलेलं घोडं कुठं उठतं का? हाल कशाला करतोस? भाल्यानं मोकळी कर तिला."

"आधी मला मोकळा करा," जासूद म्हणाला.

घाटाखाली नदीकाठी एक म्हातारी हाडवैदीण राहायची. माणूस असो की जनावर, मोडलेलं हाड बसवावं तर तिनंच. गावकऱ्यांनी पारवीला गाड्यात घालून तिच्या गोठ्यात नेलं. म्हातारीनं हाड बसवलं, बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. पायावर भार येऊ नये म्हणून पोटाखालून गोणपाटाची झोळी घेतली आणि ती दोरांनी आढ्याला टांगली.

जासूद तिथंच बसून राहिला आणि सगळा घोटाळा झाला. तो पाणी आणायला उठला की पारवीची चुळबुळ सुरू. तो परत आला की ती झोळीत धडपडायची. दोन दिवसांत कामट्या दोनदा सैल झाल्या.

म्हातारी म्हणाली, "बाबा, तू नदीपल्याड जाऊन राहा."

"मी? अहो मावशी, माझ्यावाचून ती पाण्याला तोंड लावायची नाही!"

"लावेल. तहान लागली की सगळे लावतात. तू दिसलास की निघायचं, हेच जन्मभर शिकवलंयस ना तिला? मग ती बिचारी निघायला बघते. हाड जुळायला दोन महिने लागतील. तोवर तू तिच्या दृष्टीस पडायचं नाही."

जाववत नव्हतं, पण गेला. पल्याडच्या काठावर झोपडी घातली. दुसऱ्याच दिवशी कोवळ्या गवताचा भारा कापून त्यानं होडीवाल्याबरोबर पाठवला. संध्याकाळी भारा जसाच्या तसा परत आला. होडीवाला म्हणाला, "म्हातारीनं सांगितलंय, गवत तुम्ही कापू नका. तुमच्या हाताचा वास लागतो त्याला. घोडी खात नाही, नुसती हुंगते आणि खिंकाळत बसते."

"मग मी करू तरी काय?"

"मीही हेच विचारलं. ती म्हणाली, काही करायचं नाही. तेच सगळ्यांत अवघड आहे म्हणावं."

खरंच अवघड होतं हो! रोज निघायच्या वेळेला पलीकडून पारवीची हाक यायची. तिला ओ द्यायची नाही. तो दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून बसायचा आणि हाक थांबली की आणखीच कासावीस व्हायचा. हरभरे भरवायची सवय झालेली ओंजळ. तो ती उघडायचा, बघायचा, मिटायचा.

एक महिना गेला. म्हातारीचा निरोप आला, "हाड धरलं. आता आणखी एकच महिना." पण मन चिंती ते वैरी न चिंती. ती वाळली असेल का? मला विसरली असेल का? म्हातारी खोटं तर सांगत नाही ना? शेवटी त्याला राहवेना. एका दुपारी म्हातारी पाला आणायला डोंगरात गेलेली बघून तो नदी उतरला. मनाशी म्हणाला, 'नुसतं बघून येतो. हूं की चूं करणार नाही.' उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

कुडाच्या फटीतून त्यानं पाहिलं. पारवी वाळली होती, पण डोळ्यांत तेज होतं. त्याच्या घशाशी हुंदका आला आणि त्यानं तो गिळला. तेवढंही तिला पुरलं. ती जोरानं खिंकाळली आणि तिनं सारा जीव एकवटून उसळी मारली. दोर तुटला. नळी पुन्हा मोडल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला.

म्हातारी आली. ना रागावली, ना ओरडली. एवढंच म्हणाली, "खरं सांग. ती बरी व्हायला हवी होती तुला, का तुला भेटायला हवी होती?"

जासूद म्हातारीच्या पायांशी बसून लहान पोरासारखा रडला.

"पुन्हा बांधते," म्हातारी म्हणाली. "जुळेल, पण आखूड जुळेल. पाठीवर माणूस घेणं आता तिच्या नशिबी नाही."

या खेपेला तो आपण होऊन डोंगरापलीकडे गेला, जिथं तिची हाकसुद्धा पोचणार नव्हती. बोलावणं येईस्तोवर चार महिने त्यानं काठाकडे पाऊल टाकलं नाही.

पारवी जगली. पुढं कितीतरी वर्षं लोक त्या दोघांना घाटात बघायचे. पुढं जासूद पायी, मागं लंगडत पारवी. एकदा एका तरण्या स्वारानं विचारलं, "काका, घोडी पडली होती का हो दगडांत?"

"पडली होती," जासूद म्हणाला. "पण दगडांनी मोडलेला पाय जुळत आला होता, लेका. हा मोडलाय तो माझ्या मायेनं."

तात्पर्य: ज्याच्यावर माया करावी, त्याच्या भल्यासाठी आपली ओढ आवरता आली पाहिजे.