मूळ नसलेली चांदीची वेल

मंडळी, एक विचारतो. विश्वास कोणावर ठेवाल? चांदी तोलून देणाऱ्यावर, की लवून नमस्कार करणाऱ्यावर? धंद्यात माझे केस पांढरे झाले, तरी मी अजून चाचपडतो.

एका राज्यात राजपुत्र जन्मला. तिथला रिवाज असा, की राजाच्या बाळाने चांदीच्या वाटीतूनच दूध प्यावे, आणि वाटीवर बुडाखालच्या मुळापासून काठापर्यंत चांदीची कमळवेल चढलेली असावी. राजाने धोंडसेट सोनाराला चांदी तोलून दिली. वाटी परत घेताना मात्र तोलायची राहिली. सोनाराने फार लवून नमस्कार केला होता. मांत्रिकाने वाटीवर मंत्र टाकला, "जशी वेल, तसे बाळ."

पाचव्या दिवशी वेलीचे एक पान काळे पडले. बाळाने दूध टाकले. मग रोज एक पान काळे होई, रोज बाळ हलके होई.

राजा म्हणाला, "सोनारा, तीन पाने उरली."

"वाचवतो, महाराज." धोंडसेटने वाटी उचलली.

पहिल्या दिवशी त्याने रिठ्याने वाटी उजळली. घटकाभर लखलखली, पुन्हा एक पान गेले. दुसऱ्या दिवशी नागाच्या पहाऱ्यातली शापित चांदी आणून नवे पान जोडले. ते गळून पडले, आणि शेजारचेही काळवंडले. तिसऱ्या दिवशी तो हातपाय गाळून बसला, तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली.

"पाने काय पुसतोस, सेट? वाटी पालथी घाल."

"बुडाखाली काय आहे?"

"काहीच नाही. तेच म्हणते."

खरेच मूळ नव्हते. बुडाखाली कोण बघतो, म्हणून धोंडसेटने ते गाळले होते, आणि वाचलेल्या चांदीची बायकोला जोडवी केली होती.

तो घरी धावला. "सगुणा, जोडवी उतरव."

"अहो, तुम्ही समोर धडधाकट उभे, आणि मी जोडवी उतरवू?"

"आज उतरवली नाहीस, तर उद्या राजा उतरवायला लावील."

"राजाने बक्षीस दिली म्हणाला होतात."

"खोटं बोललो."

सगुणाने जोडवी काढली, बोटांना हळदीचा दोरा बांधला. "आता हात थरथरू देऊ नका."

जोडवी वितळली, मुळे झाली. शेवटचे मूळ टेकले तेव्हा उरल्या पानाची कड काळी झाली होती. काळोखी थांबली, मागे सरली, पानामागून पान उजळले. पाळण्यात बाळ रडले, दुधासाठी रडले.

धोंडसेटने सारे कबूल केले. राजाने त्याच्यासमोर वाटी तोलली आणि मगच त्याला घरी जाऊ दिले. वर्षभराने त्याने आपल्या कमाईची जोडवी आणली. सगुणाने ती आधी तराजूत घातली, मग पायात.

तेव्हा मंडळी, एवढे करा. कुणाची चांदी तुमच्या हाती आली, तर हिशेब सरळ ठेवा. बुडाखालचासुद्धा.