दहा वेळा एकच सत्कार

एका आडगावाने स्वतःचा ब्लॉग सुरू केला होता. कुणाची म्हैस हरवली, कुणाचे लग्न ठरले, सगळे त्यावर यायचे. ब्लॉगचा साचा, म्हणजे पोस्टी पानावर मांडणारा कोड, विशाखा हिंगमिरे या शिक्षिकेने लिहिला होता. तिला मुलींसाठी संगणकाचा वर्ग काढायचा होता. त्यासाठी पंचायतीची रिकामी खोली हवी होती आणि सरपंच रंगनाथअण्णा तिला वर्षभर टोलवत होते.

एका सोमवारी तिने साचा बदलला. त्यातल्या लूपचे, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाचे, काम सरळ असते: एक पोस्ट घे, दाखव, मग पुढची घे, दहा झाल्या की थांब. विशाखाकडून ‘पुढची घे’ ही ओळच राहून गेली. पहिली पोस्ट अण्णांच्या सत्काराची होती. लूपने तीच दहा वेळा दाखवली.

अण्णा खोलीची किल्ली घेऊन स्वतः तिच्या घरी आले.

“बाई, आता कुठे ब्लॉगला शोभा आली. दहा फोटो, दहा हार. असाच राहू द्या, ही घ्या खोलीची किल्ली.”

“अण्णा, ती माझी चूक आहे. बाकी नऊ जणांचे लिहिलेले दिसतच नाही.”

“नाही दिसले तर काय बिघडले? म्हशी काय ब्लॉग वाचून घरी येतात?”

विशाखाने त्या नऊ पोस्टी उघडल्या. पाचवी नर्स सुलभाताईंची होती: वरच्या आळीतल्या विहिरीचे पाणी दूषित आहे, उकळल्याशिवाय पिऊ नका.

किल्ली समोर होती. ती गप्प बसली असती, तर कुणी तिला जाब विचारला नसता. अशा गप्प बसण्याला लोक हुशारी म्हणतात. ती शुद्ध लबाडी असते.

विशाखाने अण्णांच्या देखत ‘पुढची घे’ ही ओळ लिहिली. दहा वेगवेगळ्या पोस्टी दिसू लागल्या.

“पाणी उकळून प्या अण्णा. तुमचे घरही वरच्या आळीतच आहे.”

अण्णा किल्ली खिशात टाकून निघून गेले.

आठवड्याने वरच्या आळीतल्या बायका विशाखाकडे आल्या. आळीत कुणीही आजारी पडले नव्हते. सगळ्यांच्या पुढे अण्णांची सून होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी.

“बाई, त्या दिवशी हिला तेच पाणी पाजणार होते. तेवढ्यात तुमचा ब्लॉग दिसला.” ती म्हणाली. “वर्ग आमच्या पडवीत भरवा. मामंजींना सांगून आलेय.”

“काय म्हणाले?”

“बघू म्हणाले. मी म्हटले, आम्ही बघितलेय.”

विशाखाने मुलीला कडेवर घेतले.

तात्पर्य: आपली चूक आपल्याच फायद्याची ठरली, तरी ती कळताक्षणी सुधारावी; कारण तिच्याखाली दुसऱ्या कुणाचा तरी आवाज दबलेला असतो.